रेसमधून परतलेल्या गाडीला पुन्हा पासिंग मिळू द्या: परिवहन आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय: शर्यतीसाठी वापरलेली मोटार मूळ रूपात आणल्यानंतर तिची तपासणी आणि नोंदणीचे नूतनीकरण याबाबत स्पष्ट परिपत्रक काढण्याविषयी.

महोदय,

मागणी आधी सांगतो, कारणं नंतर. एखादी मोटार काही वर्षं ट्रॅकवर किंवा रॅलीत धावली आणि मग मालकानं ती सगळी उसवून कंपनीनं बनवली होती तशी पुन्हा उभी केली, तर तिची तपासणी कशी करायची आणि ती पास झाली तर तिची नोंदणी कशी चालू करायची, हे सांगणारं एक परिपत्रक आपल्या कार्यालयानं राज्यातल्या सगळ्या आरटीओंना पाठवावं. नवा कायदा नको, तपासणीत सवलत नको, कुणाला सूटही नको. तपासणी कडक असली तरी हरकत नाही, पण तपासणी व्हावी. आज ती होतच नाही.

मी पुण्यात गॅरेज चालवतो. रेसच्या गाड्या तयार करण्यात उमेदीची वर्षं गेली आणि आता त्याच गाड्या परत रस्त्यालायक करण्याचं काम हातात जास्त असतं. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही टोकांनी माहीत आहे.

आधी कुठल्या गाड्यांबद्दल बोलतो आहे ते स्पष्ट करतो, कारण ‘रेस कार’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फॉर्म्युला वन येते. माझ्या डोळ्यांपुढे मारुती एस्टीम आहे. १९९४ साली बाजारात आलेली, १२९८ सीसीची, अंगानं हलकी आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीसुद्धा मिळणारी. आपल्याकडच्या टुरिंग कार रेसिंगचा भार बरीच वर्षं हिनं, मारुती ८०० नं आणि पुढे बलेनोसारख्या गाड्यांनी उचलला. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या विमान धावपट्टीवर आधी शर्यती व्हायच्या, १९९० पासून इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आला, नंतर कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे. मुंबई, पुणे, कोल्हापूरची मंडळी गाड्या ट्रकवर चढवून तिकडे न्यायची. नाशिकला ‘रॅली दे महाराष्ट्र’ व्हायची, तिथे जिप्सी, सीडिया, बलेनो धुळीच्या रस्त्यांवर धावताना हजारो लोकांनी पाहिल्या आहेत. या सगळ्या गाड्या शोरूममधून नंबर प्लेट लावून बाहेर पडलेल्या होत्या. कर भरलेला, आरसी बुक मालकाच्या नावावर. कुणीतरी हौशीनं घेतल्या, सोलल्या, आत लोखंडी पिंजरा बसवला आणि ट्रॅकवर नेल्या.

दुसऱ्याही प्रकारच्या गाड्या असतात. सगळ्यांनी एकाच मॉडेलची गाडी चालवायच्या कप शर्यतींसाठी कंपनीनं थेट रेसच्या रूपातच बनवलेल्या, ज्यांना कधी आरसी मिळालंच नाही. त्या गाड्यांसाठी मी काही मागत नाही. त्यांचा जन्मच बंदिस्त आवारासाठी झाला आणि तशा आवारातच वापरायच्या खास वाहनांना कायद्यातली मोटार वाहनाची व्याख्याच वगळते. त्या तिथेच राहू देत. माझं म्हणणं आहे ते रस्त्यावरून गेलेल्या आणि रस्त्यावर परत येऊ पाहणाऱ्या गाड्यांबद्दल.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीनं मुळात ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकानं वाहनात करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. हा कायदा मला मान्य आहे. ग्राहकांना तोच समजावून मी सायलेन्सर कापण्याची कामं परत पाठवतो.

पण हे कलम नीट वाचलं तर ते माझ्या बाजूनं बोलतं. मनाई आहे ती मूळ तपशिलापासून दूर जाण्याला. मूळ तपशिलाकडे परत येणाऱ्या गाडीला हे कलम कुठेच अडवत नाही, उलट कलमाला जे हवं तेच ती गाडी करते आहे. रेसच्या रूपात ती रस्त्यावर आली असती तर गुन्हा होता. पिंजरा काढून, मागचं सीट बसवून, सायलेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावून, आरसीवर लिहिल्याप्रमाणे आसनसंख्या, इंधन, इंजिन आणि चासी नंबर जुळवून ती आली, तर तिच्यात बेकायदा काय उरलं?

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. ट्रॅकवर गेलेल्या बहुतेक गाड्यांची १५ वर्षं ट्रॅकवर किंवा शेडमध्येच उलटून गेलेली असतात. मालक अर्ज करतो, गाडी तपासणीला नेतो. कार्पेट उचललं की फ्लोअरवर पिंजऱ्याचे पाय जिथे वेल्ड केले होते त्या जागा दिसतात. घासून, प्राइमर मारून, रंगवून सपाट केलेल्या असल्या तरी जाणत्या माणसाला कळतात, आणि लपवाव्यात असं मला कधी वाटलं नाही. निरीक्षक विचारतात, “रेसची गाडी का?” मालक खरं बोलतो. तिथे काम थांबतं. नापास असं कुणी लिहून देत नाही, पासही करत नाही. “वरून काही लेखी आलं तर बघू” एवढं उत्तर मिळतं. मी त्या अधिकाऱ्यांना दोष देत नाही. उद्या त्या गाडीचं काही झालं तर सही त्यांची असणार, आणि कशाच्या आधारावर सही केली हे दाखवायला त्यांच्या हातात कागद नाही.

ज्या गाड्या अशा अडतात त्यांचं पुढे काय होतं हे आपल्याला कळायला हवं. खरं सांगणारा मालक गाडी शेडमध्ये सडवतो किंवा भंगारात घालतो. खरं न सांगणारा कार्पेट चिकटवून टाकतो, आणि गाडी ‘सिंगल ओनर, जपून वापरलेली’ म्हणून एखाद्या कॉलेजच्या पोराच्या गळ्यात जाते. अर्धवट काम झालेली, आतून कशी आहे हे कुणीच न तपासलेली. रस्त्यावर धोका कुणापासून असेल तर तो या दुसऱ्या गाडीपासून. आजची पद्धत पहिल्याला अडवते आणि दुसऱ्याला सोडते.

म्हणून काम नीट केलं तर नक्की काय केलं जातं, हे मला सविस्तर सांगायचं आहे. परिपत्रक लिहिणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल.

सुरुवात पिंजऱ्यापासून, म्हणजे रोलकेजपासून. लोकांना वाटतं पिंजरा आहे म्हणजे गाडी जास्त सुरक्षित. ट्रॅकवर ते खरं, कारण तिथे चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि अंग हार्नेसनं सीटला आवळून बांधलेलं असतं. रस्त्यावर हेल्मेट नसतं. डोक्यापासून वीतभर अंतरावर पोलादी पाइप असतो आणि साध्या बेल्टमध्ये माणूस धडकेच्या वेळी इकडेतिकडे हलतो. कमी वेगाच्या टकरीतही तो पाइप कवटी फोडू शकतो. वर फोम गुंडाळला की झालं, हे मी मानत नाही. रस्त्यावर यायचं तर पिंजरा पूर्ण निघाला पाहिजे. बोल्टवरचा असेल तर सोपं. वेल्ड केलेला असेल तर पाय जिथे टेकले होते तिथली प्लेट काढायची, खालचा पत्रा उघडा करून तडे आणि गंज बघायचा, गरज असेल तिथे नवा पत्रा घालायचा, मग सीलर आणि आतून गंजरोधक. घाईत ग्राइंडर फिरवून पुट्टी भरलेलं काम हातोडीच्या मागच्या टोकानं टकटक केलं की आवाजावरून ओळखू येतं.

यानंतरची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं: सीटबेल्टचे मूळ बिंदू. गाडीच्या बॉडीत बेल्ट जिथे अडकतो तिथे आतून एक नट वेल्ड केलेला असतो, ७/१६ इंची बारीक आट्यांचा. गाड्या सोलताना बेल्टची रीळ काढून फेकलेली असते, कधी दोन दारांमधल्या खांबावरचा ब्रॅकेटच कापलेला असतो, कधी त्या नटात हार्नेसचा बोल्ट आडवातिडवा घुसवून आटे मेलेले असतात. तिथे जवळपासच्या मापाचा दुसरा बोल्ट ठोकून बेल्ट लावला तर तो दिसायला छान दिसतो आणि धडकेला पत्र्यासकट उपटून हातात येतो. आटे टॅप फिरवून साफ होत असतील तर ठीक. नाहीतर मागून जाड प्लेटवर नवा नट वेल्ड करून ती प्लेट खांबाच्या आतल्या पत्र्याला चारी बाजूंनी बसवायची. माझ्याकडे हे काम पोरांच्या हाती देत नाही, शेजारी उभं राहून करून घेतो. तपासायलाही ते अवघड नाही. खांबावरचं प्लास्टिक दोन स्क्रूंवर निघतं, बोल्ट हातानं लागतो का आणि शेवटपर्यंत लागतो का ते कळतं, आणि बेल्टला झटका दिला की रीळ लॉक झाली पाहिजे.

ब्रेकचंही असंच. रेसचे पॅड गरम झाल्यावर पकडतात. ट्रॅकवर दोन फेऱ्यांत ते तापतात, पण सकाळी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना समोर मूल आलं तर थंड पॅड घसरतात. पॅड साधेच हवेत. पायाखाली सरळ ‘फील’ मिळावा म्हणून काहींनी ब्रेकचा बूस्टर काढून टाकलेला असतो, तो परत लागतो. रॅलीच्या गाडीत हायड्रॉलिक हँडब्रेक असतो, उंच दांड्याचा. तो वळणावर मागची चाकं क्षणभर अडवण्यासाठी असतो, उतारावर गाडी उभी करून ठेवण्यासाठी तो नाही, कारण त्यातला दाब उतरत जातो. त्याच्या जागी केबलचा मूळ हँडब्रेक परत बसवल्याशिवाय मी गाडीची चावी मालकाला देत नाही.

इंजिनाचा भाग हौशी लोकांना सगळ्यात जिवावर येतो. शर्यतीसाठी हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं असतं, पंपावरच्या साध्या पेट्रोलवर ते नॉकिंग करतं, म्हणजे इंजिन ठोके देतं. वाल्व्ह उघडणारा कॅम बदललेला असतो. त्यात इनटेक आणि एक्झॉस्टचे वाल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात, त्यामुळे वरच्या आरपीएमला ताकद मिळते, पण आयडलवर न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरातून बाहेर जातं. असा कॅम ठेवून पीयूसीच्या मशीनवर गाडी खरोखर पास होणं कठीण. बीएस-२ आणि बीएस-३ या प्रदूषण मानकांच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमच्या आत लागतं. मूळ कॅम, मूळ हेड, चालू ऑक्सिजन सेन्सर आणि जिवंत कन्व्हर्टर असेल तर जुनी गाडीही या आकड्यांच्या बरीच खाली येते. म्हणजे मूळ इंजिन परत आलं की नाही, याची निम्मी परीक्षा पीयूसीचं मशीनच घेतं, फक्त नळी गाडीच्या सायलेन्सरात खरोखर घातलेली हवी.

बाकी गोष्टी मोठ्या नाहीत पण संख्येनं पुष्कळ आहेत. वजन वाचवायला रेडिएटरचा पंखा काढलेला असतो. ट्रॅकवर वारा पुरतो, नगर रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये दहा मिनिटांत काटा लाल होतो. ब्लोअर काढलेला असतो. पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंधा घाटात शिरलं की काच आतून धुरकटते आणि समोरचं दिसेनासं होतं, तेव्हा ब्लोअर ही चैन राहत नाही. दारांना पॉलीकार्बोनेटच्या खिडक्या असतात, त्या काढून मार्काच्या सेफ्टी काचा. डिकीत ठेवलेली बॅटरी आणि फोम भरलेली इंधन टाकी बाहेर, मूळ टाकी मूळ जागी. झटक्यात निघणारं स्टिअरिंग काढून मूळ स्टिअरिंग. टायर अर्थातच बदलायचे, चारचाकीला १.६ मिमी नक्षी उरलेली हवी आणि ट्रॅकच्या टायरांना ती जवळजवळ नसतेच. वायरिंग तर नवंच घालावं लागतं, कारण रेससाठी हॉर्न, इंडिकेटर, वायपरच्या वायरी उपटून टाकलेल्या असतात आणि नंतर कुणी टेप लावून जोडलेल्या असल्या तर तिथूनच आग लागते. रॅलीची गाडी असेल तर शॉकअपचे टॉवर आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलं जातं त्या जागा रंग खरवडून बघाव्या लागतात. दगडधोंड्यांवर उड्या मारलेल्या पत्र्याला तिथे केसासारखे तडे जातात.

आणि चासी नंबर. रेसच्या गाडीवर रंगाचे थर चढलेले असतात, इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर कोरलेला नंबर त्याखाली बुजतो. तो उघडा करताना ग्राइंडर वर्ज्य. पेंट रिमूव्हर लावून, थांबून, कापडानं पुसून अक्षरं वर आणायची, म्हणजे पेन्सिल फिरवून घेतलेला ठसा आरसीशी अक्षर न् अक्षर जुळतो. ज्या गाडीचा हा नंबर खाडाखोड झालेला किंवा तो पत्राच बदललेला असेल, ती गाडी मागेच थांबली पाहिजे, मग तिच्यावर कितीही खर्च झालेला असो.

हे सगळं करता येतं. पैसे लागतात, वेळ लागतो, पण मारुतीच्या जुन्या गाड्यांचे मूळ भाग अजून मिळतात, आणि हे काम शिकलेली पोरं उत्तम मेकॅनिक होतात, कारण गाडी पूर्ण उघडून पूर्ण जोडायची संधी सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांना मिळत नाही.

जगात हा प्रश्न फार आधी येऊन गेला. १९७० आणि १९७१ साली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकणारी पोर्शे ९१७ ही मोटार रेसिंगमधल्या सर्वांत उग्र गाड्यांपैकी एक. त्यातली एक गाडी, चासी क्रमांक ०३०, मार्टिनी या मद्य कंपनीच्या घराण्यातल्या काउंट रोस्सी यांनी १९७५ साली पोर्शेकडूनच रस्त्यासाठी तयार करून घेतली. सायलेन्सर, इंडिकेटर, हॉर्न, आरसे, आत चामड्याची बैठक. तिची नोंदणी झाली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, आणि गाडी तिथे कधी आणायची नाही अशी अट होती असं सांगितलं जातं. त्या नंबर प्लेटवर रोस्सी ती श्टुटगार्टहून पॅरिसला स्वतः चालवत घेऊन गेले. गोष्ट ऐकायला भारी वाटते, पण मला ती आदर्श वाटत नाही. पैसेवाल्या माणसानं नियमातली फट शोधली, एवढंच ते. मला फट नको आहे, नियम हवा आहे.

नियम कसा असतो ते जर्मनीतच बघायला मिळतं. तिथल्या वाहन नोंदणी नियमांच्या परिच्छेद २१ नुसार मान्यताप्राप्त तज्ज्ञ एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करतो, काय बदललं, काय परत लावलं ते लिहितो, सही करतो, आणि त्या कागदावर नोंदणी होते. ब्रिटनमध्येही एकेका वाहनाला स्वतंत्र मंजुरी देण्याची योजना आहे. या देशांत रस्त्यावरची शिस्त ढिली पडलेली नाही. उलट काय चालेल आणि काय नाही हे लेखी असल्यामुळे मालकही काम सुरू करण्यापूर्वीच शहाणा होतो.

आपल्याकडे तर यासाठी लागणारं सगळं घरातच आहे. देशभरातल्या वाहनांना मान्यता देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्याच्या टेकडीवर आहे, सीआयआरटी भोसरीला आहे. ज्या गाडीबद्दल निरीक्षकांना शंका वाटेल, विशेषतः वेल्ड केलेला पिंजरा काढलेल्या बॉडीबद्दल, ती मालकाच्या खर्चानं तिकडे पाठवता येईल. त्यासाठी अशा वैयक्तिक गाड्या घेण्याची विनंती आपल्या कार्यालयानं त्या संस्थांना करावी लागेल. तेवढा पत्रव्यवहार मी आणि माझ्यासारखे लोक करू शकत नाही, आपण करू शकता.

केंद्रानं जुन्या गाड्यांसाठी वाट काढल्याचं उदाहरणही ताजं आहे. जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम आले. ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी मालिका, नव्या नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, आणि वापर फक्त प्रदर्शनं, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरता. म्हणजे वेगळ्या इतिहासाच्या गाडीला वेगळी तपासणी आणि वेगळी नोंद, हे तत्त्व सरकारला मान्य आहे. नव्वदच्या दशकातल्या एस्टीमला ५० वर्षं व्हायला मात्र अजून खूप अवकाश आहे. तोवर तिचा पत्रा उरणार नाही.

या मागणीवर कोणत्या शंका येतील याचा मी विचार केला आहे. पहिली अशी की हे दार उघडलं तर रात्री रस्त्यांवर शर्यती लावणाऱ्यांचं फावेल. त्यांना माझ्या या मार्गाचा उपयोग नाही. हा मार्ग गाडीची जास्तीची ताकद काढून घेतो, आवाज काढून घेतो, पिंजरा काढून घेतो. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यासाठी कलम १८९ आहेच, ते कडक वापरा, मी पाठिंबा देईन. दुसरी शंका, पास झाल्यावर मालक पुन्हा रेसचं सामान चढवेल. तसं तर कुठलीही नवी गाडी शोरूममधून निघाल्यावर करता येतं, आणि पकडल्यावर शिक्षाही तीच आहे. फरक इतकाच की या गाडीचे फोटो आणि तपासणी अहवाल आपल्या दप्तरी असतील, त्यामुळे ती पकडणं सोपं जाईल.

तिसरी शंका मला स्वतःलाही रास्त वाटते: पुढच्या खरेदीदाराला कसं कळणार? त्यासाठी गाडी पूर्वी शर्यतीसाठी वापरली होती अशी नोंद नोंदणीच्या दप्तरात कायम राहावी, आणि वाहनाची माहिती काढणाऱ्याला ती दिसावी. अशा नोंदीनं गाडीची किंमत पडेल म्हणून काही मित्र माझ्यावर नाराज होतील. होऊ देत. विमा कंपनीलाही ही माहिती हवी असते, कारण नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. गाडीचा इतिहास लपवून घेतलेला विमा अपघाताच्या दिवशी वाद घेऊन येतो, आणि त्यात भरडला जातो तो ज्याला गाडीनं ठोकलं तो माणूस.

परिपत्रकात काय असावं, याचा माझा विचार असा. मालकानं अर्जासोबत शपथपत्रावर गाडी कधी आणि कशा शर्यतीत वापरली ते लिहून द्यावं. काम करणाऱ्या गॅरेजनं काय काढलं, काय लावलं याची यादी आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो द्यावेत, विशेषतः पिंजऱ्याचे पाय काढल्यानंतरचा उघडा पत्रा आणि सीटबेल्टचे बिंदू, रंग चढवण्यापूर्वीचे. गॅरेजची सही असावी, म्हणजे उद्या काम खोटं निघालं तर आम्हालाही धरता येईल. पीयूसी निरीक्षकांसमोर व्हावी. तपासणीच्या वेळी गाडी लिफ्टवर किंवा खड्ड्यावर घेऊन खालून बघावी आणि कार्पेट, प्लास्टिक न लावता ती आणण्याची मुभा असावी. आज उलट अपेक्षा असते, गाडी नटवून आणा. नटलेल्या गाडीत बघायचं ते झाकलं जातं. आणि निकाल लेखी मिळावा. नापास असेल तर कशामुळे, हे लिहिलेलं असावं, म्हणजे मालकाला ते दुरुस्त करून परत येता येईल किंवा नाद सोडून देता येईल.

शुल्काबद्दल एकच विनंती आहे. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांपुढच्या खासगी मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं, ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या मोटारीचं १०,००० झालं, आणि उशीर झाला तर प्रत्येक महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. रस्त्यावर बेकायदा फिरवलेल्या गाडीला ही रक्कम लागावीच. पण जी गाडी त्या काळात ट्रॅकवर किंवा शेडमध्ये होती आणि ज्याचा पुरावा आयोजकांच्या कागदांत आहे, तिच्या विलंबाबाबत राज्याच्या अखत्यारीत जे असेल त्याचा विचार व्हावा. केंद्राच्या नियमाचा प्रश्न असेल तर आपल्या कार्यालयानं शिफारस पाठवावी. हे जमलं नाही तरी परिपत्रक अडू नये. पैसे भरायला लोक तयार आहेत.

माझ्या गॅरेजमध्ये सध्या एक एस्टीम याच टप्प्यावर उभी आहे. पिंजरा निघाला आहे, फ्लोअरचं काम झालं आहे, आतलं कार्पेट आणि खांबांवरचं प्लास्टिक मुद्दाम लावलेलं नाही. मूळ आरसी बुक, शर्यतींची कागदपत्रं आणि कामाचे फोटो मी या पत्राच्या प्रतीसोबत आपल्या कार्यालयात देत आहे. परिपत्रकाचा मसुदा करण्यापूर्वी आपल्या निरीक्षकांना अशी गाडी उघड्या अंगानं बघायची असेल तर त्यांनी कामाच्या कुठल्याही दिवशी यावं. ती लिफ्टवर घेऊन खालून-वरून दाखवेन, वेल्ड तोडून बघायचं असेल तर तेही करू.

आपला विश्वासू,
एक गॅरेजचालक, पुणे